रानडुकरासाठी बांधलेला साकव

नकाशावरचे ओढे खोडायचा मला पगार मिळायचा, असं आमच्या वन्सं चारचौघांत सांगतात. वन्सं निवृत्त शिक्षिका, त्यामुळे खोडाखोडीचा त्यांना मुळातच राग. मी दर वेळी त्यांना समजावते की मी ओढे खोडत नव्हते, मोजत होते. आता मोजून झाल्यावर काही ओढे उरत नसत, त्याला मी काय करू?

मैसूरच्या हेब्बाळमध्ये, कंपन्यांच्या बसगाड्या आणि स्कूटरांच्या गर्दीत, एका वर्कशॉपच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. खाली दिवसभर लोखंड कापायचे, वर आम्ही जंगल वाचवायचो. धंदा असा, की ज्याला जंगलाच्या कडेला किंवा ओढ्याच्या काठाला काही बांधायचंय, रस्ता म्हणा, पूल म्हणा, विजेचे खांब म्हणा, त्याला सरकारची परवानगी लागते. परवानगीला अहवाल लागतो. इथं कुठलं पाणी वाहतं, कुठले प्राणी राहतात आणि तुमच्या बांधकामानं या दोघांचं काय होईल, हे त्यात लिहायचं. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ऑफिसात तयारच असायचं, ते म्हणजे काहीही होणार नाही. पहिल्या दोहोंची उत्तरं माझ्याकडे. मी प्राणिशास्त्र शिकलेली, आणि डासांना न घाबरणारी, एवढ्या भांडवलावर मी या धंद्यात म्हातारी झाले.

तसा आमच्या घराण्याचा पाण्याशी संबंध जुना. आम्ही रंगारी. पणजोबांच्या काळी कापड रंगवून, छापून झालं की सगळं घर ते धुवायला ओढ्यावर जायचं, आणि खालच्या अंगाची गावं पाणी बघून ओळखायची, आज लाल लुगडी निघाली की निळी. काठापासून किती लांब बसा, असं त्यांना कुणी सांगितलं नाही. पणतीला मात्र त्याच ओढ्यांच्या कडेनं टेप घेऊन फिरावं लागलं. घराण्याचं पाप माझ्या चपला झिजून फिटलं, असं मी धरून चालते.

नियम वाचायला सोपा आहे. वाहत्या पाण्याच्या काठापासून ठरावीक अंतर मोकळं सोडायचं, त्या पट्ट्यात सिमेंट ओतायचं नाही. पण काठ म्हणजे कुठला? पावसाळ्यातला की उन्हाळ्यातला? आमची पाहणी नेहमी उन्हाळ्यात व्हायची, कारण पावसात जीप रुतते, आणि जीप रुतली की साहेब रुततात. उन्हाळ्यात आमच्याकडचं हळ्ळ, म्हणजे ओढाच, आम्ही घरी मराठी बोलतानासुद्धा हळ्ळच म्हणतो, तर ते हळ्ळ कोरडं ठणठणीत असतं. त्यात गावची पोरं स्टंप ठोकून क्रिकेट खेळत असतात. म्हणजे ते पाणी नव्हे, मैदान. मैदानाला काठ नसतो. झालं, सुटला प्रश्न.

एक गिऱ्हाईक तर मी जन्मात विसरणार नाही. एच. डी. कोटे गावाच्या पुढे, धरणाच्या फुगवट्याला लागून त्यांची जमीन होती, आणि तिथं त्यांना पाहुण्यांसाठी कॉटेजं बांधायची होती. नाव कशाला घ्या, आम्ही त्यांना कॉटेजवाले म्हणायचो. जमिनीच्या बरोब्बर मधून हळ्ळ गेलेलं. कॉटेजवाले मला शपथेवर सांगत होते की हे हळ्ळ नाहीच, हे पाणी इथलं नव्हे, ते नुसतं वरून येतं आणि खाली जातं. मी म्हटलं, सार, याच प्रकाराला हळ्ळ म्हणतात. ते रागावून आमच्या बॉसकडे गेले. आमचे बॉस शिवण्णा. माणूस गोड, कपाळाला विभूती, खिशात वेलदोडे, आणि नियमातली फट त्यांना चष्म्याशिवाय दिसायची. त्यांनी अर्जात त्या हळ्ळाला 'जमिनीचा नैसर्गिक उतार' करून टाकलं. परवानगी आली. पुढच्या वर्षी कॉटेजवाल्यांची रंगीत जाहिरात छापून आली, तिच्यात मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, खळाळत्या ओढ्याकाठी चार निवांत दिवस. मी ती कापून माझ्या टेबलाच्या काचेखाली ठेवली. शिवण्णांनी दोनदा काढायला लावली, मी दोनदा परत ठेवली.

त्यांचा रस्ता तर आणखी मजेशीर. जंगलाच्या संरक्षित पट्ट्यात नवा रस्ता करता येत नाही, पण असलेल्याची दुरुस्ती करता येते. तिथं एक बैलगाडीची चाकोरी होती. तिची दुरुस्ती झाली. दुरुस्ती इतकी उत्तम झाली की आता दोन बसगाड्या एकमेकींना घासल्याशिवाय जातात. हळ्ळावर पूर्वी सिमेंटची एक नळी होती, दुरुस्तीनंतर ती नळी कठड्यांचा आणि दिव्यांचा पूल होऊन बसली. जे आधी असतं त्यालाच अजून मिळतं, हा नियम काही जंगलखात्यानं शोधलेला नाही, पण तिथं तो फार मनापासून पाळतात.

त्याच हळ्ळाच्या खालच्या अंगाला मादम्मा राहायची.

मादम्मा ही अंगणवाडी सेविका. आडवा बांधा, मोठं कुंकू, आणि बोलायची इतकं सावकाश की समोरच्या साहेबाला वाटावं, ही घाबरलीय. ती कुणाला घाबरत नव्हती. तिचं घर गावात, आणि अंगणवाडी हळ्ळाच्या पलीकडे, हाडीत. हाडी म्हणजे जंगलातल्या लोकांची वस्ती. डोक्यावर अंड्यांचा ट्रे, खांद्याला पिठाच्या पाकिटांची पिशवी, अशी ती रोज हळ्ळ ओलांडायची. उन्हाळ्यात प्रश्न नव्हता. पावसाळ्यात धरण भरलं की पाणी उलटं हळ्ळात चढतं आणि छातीपर्यंत येतं. दुसरी वाट आहे, पण ती जंगलाला वळसा घालून, हत्तींच्या राज्यातून. गावकरी दर वर्षी दिवाळीनंतर एक झाड आडवं टाकून त्यावरून जायचे, आणि पहिल्याच पुरात ते वाहून जायचं. एका पावसाळ्यात हाडीतली एक बाई अडली. तिला खाटेवर घालून वळशानं नेली. बाई वाचली, मूल वाटेतच गेलं. मादम्मा ही गोष्ट सांगत नाही. मला हाडीतल्या बायकांनी सांगितली, आणि ऐकताना मला माझ्या हातातल्या टेपची लाज वाटली.

गावाला हवा होता फक्त एक साकव. पायी जाण्यापुरता, लोखंडाचा, चार माणसांनी उचलून बसवावा असा. पंचायतीनं अर्ज केला, शिवण्णांनी पुण्य म्हणून तो फुकट लिहून दिला. आम्ही हुशारीनं लिहिलं की झाडाचा पूल आधीपासून आहेच, त्याची फक्त दुरुस्ती करायची आहे. कॉटेजवाल्यांना जे चाललं ते यांना का चालू नये? पण गरिबाची पाहणी पावसाळ्यात होते. साहेब काठावर छत्री धरून उभे राहिले, झाड वाहून गेलेलं होतं, आणि शेरा पडला की जागेवर कोणतंही बांधकाम अस्तित्वात नाही, सबब दुरुस्तीचा प्रश्न उद्भवत नाही. नवीन बांधायचं तर संरक्षित पट्टा, ओढ्याचा काठ, सगळे नियम दात काढून उभे. खोटं काय होतं त्यात? एक शब्द खोटा नव्हता. हेच तर दुखणं.

असे अर्ज मादम्माच्या पंचायतीनं किती केले, देव जाणे. शिवण्णांकडे एक युक्ती होती. दसऱ्याला बन्नीमंटपात मशालींची कवायत होते, तिच्या पुढच्या रांगेच्या पासांसाठी भले भले साहेब पोराबाळांसकट आशेला लागलेले असतात. ते पास शिवण्णा पोचते करायचे, आणि त्या दिवसांत फायली जरा पाय उचलायच्या. साकवाची फाइल त्या दिवसांतही हलली नाही. पाससुद्धा गेले.

मग मोठ्या रस्त्याचं रुंदीकरण निघालं. जंगलाच्या कडेनं जाणारा मोठा रस्ता, ठेकेदार मोठा, त्यामुळे नियमही मोठे. नियमाप्रमाणे रस्त्याखालून हत्तींना जायला भुयारी वाट द्यायची, आणि शिवाय आसपास वन्यप्राण्यांसाठी आणखी काही सोयी करून द्यायच्या. त्याआधी लोकांचं म्हणणं ऐकायला जनसुनावणी घ्यायची. जनसुनावणी म्हणजे मांडव, प्लास्टिकच्या खुर्च्या, उप्पिट्ट, कॉफी, आणि पडद्यावर चित्रं. मी चित्रं दाखवत होते. कुठल्याशा देशात हत्ती पुलाखालून शिस्तीत चाललेत, माकडं दोरीच्या पुलावरून रस्ता ओलांडताहेत, खेकड्यांसाठीसुद्धा कुणी पूल बांधलाय. लोक तोंडाचा आ करून बघत होते.

चित्रं संपली आणि मागून मादम्मा उठली. पदर सावरला, आणि तिच्या त्या सावकाश कन्नडमध्ये मला म्हणाली, "अक्का, हत्तींनी अर्ज केला नव्हता, तरी त्यांना वाट मिळाली. आम्ही अर्ज करून करून दमलो. मग आम्हालाच प्राणी म्हणून लिहा की."

मांडव हसला. साहेब हसले, ठेकेदार हसला, मीही हसले. इतिवृत्तात लिहिलं गेलं की स्थानिकांनी प्रकल्पाचं आनंदानं स्वागत केलं.

हसले नाहीत ते एकटे शिवण्णा. परतताना जीपमध्ये ते एकामागून एक वेलदोडे चावत होते. नंजनगूडची वेस आली तेव्हा म्हणाले की बाई बरोबर बोलतेय. माणसाला प्राणी लिहिता येणार नाही, पण साकव प्राण्यांचा लिहिता येईल. ठेकेदाराला कुठली तरी सोय करून द्यायचीच आहे. छोट्या प्राण्यांना पावसाळ्यात हळ्ळ ओलांडता येत नाही, त्यांची कोंडी होते, म्हणून त्यांच्यासाठी एक साकव. वन्यप्राण्यांच्या सोयीला संरक्षित पट्ट्यात बंदी नाही, उलट पाठीवर थाप मिळते.

खरं सांगते, इतकं रंगून मी दुसरं काही लिहिलेलं नाही. लोखंडी पत्र्यावर पाय घसरू नये म्हणून खाचा हव्या होत्या, मी लिहिलं, खुरांना पकड मिळावी म्हणून. कठडे हवे होते. जनावराला कठडा कशाला? मी लिहिलं, वेली चढवून प्राण्यांना आडोसा देण्यासाठी आधार. शिवण्णांनी वाचून माझ्याकडे नव्या आदरानं बघितलं. रुंदीचं कोडं राहिलं. मुंगसाला वीतभर पुरते, आणि मादम्माला अंड्यांचा ट्रे घेऊन जायचंय. मी विचार करून लिहिलं, रानडुकराची मादी आपल्या पिलांसह सुखानं जाऊ शकेल इतकी. एका अंगणवाडी सेविकेसाठी मी रानडुक्कर लिहिलं, हे मी तिला कधी सांगितलं नाही. ती हसली असती की रागावली असती, माझा अंदाज नाही.

जो साकव वर्षानुवर्षं अडला होता तो चुटकीसरशी मंजूर झाला. ज्या टेबलांवर माणसांचा अर्ज धूळ खात होता, त्याच टेबलांवरून रानडुकराचा अर्ज वाऱ्यासारखा गेला. एका साहेबांनी तर समासात 'स्तुत्य उपक्रम' असं लिहिलं. साकव बसला. दोन्ही टोकांना पाट्या लागल्या, 'हा मार्ग फक्त वन्यप्राण्यांसाठी आहे'. उद्घाटनाला मोठे साहेब आले, फीत कापली, आणि पाटीखालून सगळ्यात आधी तेच चालत गेले. मागोमाग त्यांचा शिपाई, ठेकेदार, शिवण्णा आणि नारळ घेऊन पुजारी. वन्यप्राणी कुणी आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून मादम्मा जाऊ लागली. सगळं गावच जाऊ लागलं. पावसाळा आला, हळ्ळ भरून वाहिलं, आणि वरून अंडी कोरडी पोचली. त्या पावसात हाडीतल्या एका बाईला कळा सुरू झाल्या, तिला साकवावरून आणली, रस्त्यावर गाडी उभीच होती. मूल रडत जन्माला आलं. मादम्मानं मला फोन करून त्या पोराचं रडणं ऐकवलं. नोकरीत बक्षिसं फारशी मिळाली नाहीत, पण तो फोन मी बक्षिसात धरते.

इथं गोष्ट संपवली असती तर दिवाळी अंकाला शोभली असती. पण मंजुरीला एक शेपूट होतं. साकवावर कॅमेरा लावायचा, आणि पावसाळा संपल्यावर बघायचं की वन्यप्राणी तो वापरतात का. वापरत नसतील तर संरक्षित पट्ट्यातलं अनावश्यक बांधकाम म्हणून काढून टाकायचा. हे कॅमेरे आपोआप चालतात, पुढून काही हललं की फोटो. आमच्या भागाला नवा रेंजर आला होता, म्हणजे त्या जंगलाचा जागेवरचा अधिकारी. तरुण, लाजाळू, आणि दुर्दैवानं प्रामाणिक. तो फोटो घेऊन आमच्या ऑफिसात आला. पहिला फोटो मादम्माचा, डोक्यावर ट्रे. दुसरा मादम्माचा, ट्रे रिकामा. मग दप्तरं घेतलेली पोरं, लाकडाच्या मोळ्या, एक वरात, नवरदेवासकट. रेंजर हळूच म्हणाला, "मॅडम, यात प्राणी कुठाय?" मी एका फोटोवर बोट ठेवलं. त्यात शेळ्या होत्या. तो म्हणाला, शेळ्या पाळीव असतात. हे प्राणिशास्त्र मलाही येत होतं.

त्याला साकव काढायचा नव्हता. त्यानं तो बाळंतपणाचा किस्सा ऐकला होता. पण कुणी वन्यप्राणी दिसल्याशिवाय त्याला तसं लिहिता येईना. त्यानं मला आणि मी मादम्माला सांगितलं की गावानं थोडी व्यवस्था करावी, साकवावरून एखादं जनावर जायलाच हवं.

मग जे झालं ते मी डोळ्यांनी बघितलं नसतं तर मलाही खरं वाटलं नसतं. ज्या गावानं पिढ्यान्‌पिढ्या डबे वाजवून, फटाके फोडून डुकरं हाकलली, ते गाव आता डुकराची मनधरणी करायला लागलं. साकवावर फणसाचे गरे मांडले, केळी मांडली, कुणी रताळी उकडून आणली. वानरं आली, पण ती फांदीवरून लोंबकळून केळी उचलायची आणि फांदीवरूनच परत. साकवाला पाय म्हणून लावला नाही. डुकरं आली, रताळी खाल्ली, आणि साकवाच्या खालून, पाण्यातून निघून गेली. त्यांना पोहता येतं. हे मी अहवालात लिहिलं नव्हतं. मादम्मा वैतागून म्हणाली की नुसतं रताळं लावलं की शेतात घुसतात, आणि उकडून दिलं तर भाव खातात.

सगळे हात टेकून बसले असताना बिबट्या गेला.

ऐटीत, मधोमध, कॅमेऱ्याकडे एकदा बघून. फणसासाठी आला नसणार, शेळ्यांच्या वासानं आला असणार. पण आला. रेंजर फोटो घेऊन जिन्यावरून धावतच वर आला. शिवण्णांनी मैसूरपाक मागवला. खालच्या वर्कशॉपवाल्यांनाही दिला, त्यांना कळेना की बिबट्या पुलावरून गेल्याचा यांना एवढा आनंद का. मी मादम्माला फोन केला. ती आधी पोट धरून हसली. मग म्हणाली की बरं झालं, साकव वाचला, आता फक्त त्याच्या येण्याजाण्याची वेळ तेवढी विचारून ठेवा.

फोटो गाजला. मोठ्या साहेबांनी तो राजधानीत दाखवला, एका कॅलेंडरवर तो छापला गेला, आमच्या ऑफिसला मानपत्र मिळालं. कॉटेजवाल्यांनी तर कमालच केली. साकव दिसेल अशा जागी, त्याच हळ्ळाच्या काठाला खेटून, त्यांनी मचाण बांधलं, पाहुण्यांनी चहा पीत बिबट्याची वाट बघावी म्हणून. काठापासूनचं अंतर? अहो, कागदावर तिथं हळ्ळच नाही, उतार आहे.

आणि मग पत्र आलं. फार सुंदर भाषेतलं पत्र होतं. वन्यप्राण्यांनी हा मार्ग स्वीकारल्याचं सिद्ध झालेलं आहे, सबब तो आता महत्त्वाचा अधिवास मानण्यात यावा, आणि तिथला मानवी वावर तात्काळ बंद करण्यात यावा. दोन्ही टोकांना फाटकं लावून कुलूप घालावं. म्हणजे बिबट्या आला नसता तर साकव काढून नेला असता, आणि बिबट्या आला म्हणून साकवाला कुलूप. मी पत्र दोनदा वाचलं. नोकरीत पहिल्यांदाच मला ऑफिसात शिवी हासडावीशी वाटली, आणि मी हासडली. शिवण्णांनी ती ऐकून मान डोलावली. ते मराठी शिकले नव्हते, पण एवढं त्यांना कळलं.

आम्ही लिहिलं, पुन्हा लिहिलं, वरच्या साहेबांना भेटलो. त्यांनी कॉफी पाजली आणि विचारलं की मॅडम, तुमच्याच अहवालात मनुष्यांचा उल्लेख कुठे आहे? नव्हताच. सबंध अहवालात एक माणूस नव्हता. तेवढ्यात माझी निवृत्ती आली. शाल मिळाली, नारळ मिळाला, आणि भाषणात शिवण्णांनी मला जंगलाची माता म्हटलं. जंगलाच्या मातेनं घरी येऊन शाल वन्संना देऊन टाकली.

यंदाच्या पावसाळ्यात मी मादम्माला भेटायला गेले. जायला तोंड नव्हतं, तरी गेले. हळ्ळ काठोकाठ भरलेलं. साकवाच्या तोंडाशी माणसाच्या उंचीचं लोखंडी फाटक, त्याला कुलूप, वर पाटी. पलीकडच्या टोकालाही तसंच. कॉटेजवाल्यांच्या मचाणावर दोन पाहुणे रंगीत छत्री लावून बसलेले. रेंजर मला बघून आला, आणि नजर चुकवत म्हणाला की मी हुकमाबाहेर गेलो नाही, मॅडम. प्राण्यांना जायला फाटकात खाली भोक ठेवायचंच होतं. वरून हुकूम होता की भोक मंजूर आराखड्याप्रमाणेच असावं. आराखड्यात तुम्ही लिहिलं होतं, रानडुकराची मादी, पिलांसह. मी तेवढं ठेवलं.

मी खाली वाकून बघितलं. भोक चांगलं ऐसपैस होतं.

तेवढ्यात मादम्मा आली, डोक्यावर ट्रे, खांद्याला पिशवी. माझ्याकडे बघून हसली, केव्हा आलात, जेवलात का, असं सगळं विचारून झालं. मग ती फाटकापाशी गेली, पदर कमरेला खोचला, गुडघ्यांवर बसली. गुडघे तिचे दुखरे, बसताना "अम्मा" म्हणाली. अंड्यांचा ट्रे तिनं आधी भोकातून आत सरकवला, मग पिशवी, मग स्वतः हातापायांवर आत गेली. कॅमेऱ्याचा बारका लाल दिवा लुकलुकला. मचाणावरच्या पाहुण्यांनी दुर्बीण लावली आणि निराश होऊन खाली ठेवली.

मी फाटकाच्या गजांना धरून म्हटलं, मादम्मा, माझं चुकलं का हो?

ती आत उभी राहिली, गुडघ्यांवरची माती झटकली, ट्रे डोक्यावर घेतला. एकही अंडं फुटलं नव्हतं. कॅमेऱ्याकडे एकदा बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि सावकाश म्हणाली, "मी मांडवातच सांगितलं होतं, अक्का. तुम्ही नुसता साकव प्राण्यांचा लिहिलात. आता तरी आम्हाला लिहा."

आणि दुसऱ्या टोकाच्या फाटकापाशी जाऊन ती परत गुडघ्यांवर बसली.